टाइल्सच्या मागे काहीच नव्हतं

शॉवरच्या भिंतीवरची एक टाइल अख्खीच्या अख्खी हातात आली, तेव्हा मला कळलं की आपण फसलो आहोत. टाइलची पाठ जवळजवळ कोरी होती. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मसाल्याचे पाच गोळे, बाकी सगळी पोकळी. मागे नुसतं प्लास्टर. ज्या वॉटरप्रूफिंगचे मी वेगळे पैसे मोजले होते, त्याचा मागमूसही नव्हता.

काम झालं त्या दिवशी बाथरूम देखणं दिसत होतं, म्हणून तर हे लिहिते आहे. सांधे सरळ, कडा नीट, सांध्यांत भरलेल्या ग्राउटचा रंग शोभेसा. मिस्त्रींनी वॉटरप्रूफिंगचा डबा आणून दाखवला होता. मी दिवसभर कामावर असायचे. एका संध्याकाळी घरी आले तर अर्धी भिंत टाइल्सने झाकलेली. "वॉटरप्रूफिंगचे दोन्ही हात मारले ना?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ताई, काळजीच सोडा. आणि टाइल लागल्यावर पाणी आत जाईलच कसं?"

तेव्हा मला ते पटलं. पण ते साफ चूक आहे. टाइल पाणी अडवते, सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट मात्र पाणी पितं. रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी मागे मुरतंच, आणि ते भिंतीत जाऊ नये म्हणूनच वॉटरप्रूफिंगचा थर असतो.

पहिली खूण जमिनीवर दिसली. पाणी जाळीकडे न जाता समोरच्या कोपऱ्यात साचायचं. दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार हवा, तो नव्हताच. मी रोज वायपरने पाणी ओढत राहिले. मग कोपऱ्यातले सांधे काळे पडले, कुबट वास यायला लागला. चौथ्या महिन्यात पलीकडच्या खोलीतल्या भिंतीचा रंग फुगला, पापुद्रे सुटले आणि खाली पांढरा खार दिसू लागला.

मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, ग्राउट गेलंय, नवीन भरू. त्याचेही पैसे घेतले. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. भिंतीत काय केलंय आणि काय नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी त्यांनी वरून लिंपून दिलं. दोन महिन्यांत ओल आणखी वर चढली आणि त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

भांडायला माझ्या हातात काहीच नव्हतं. कागदावर एकच ओळ होती, 'बाथरूमचं काम, वॉटरप्रूफिंगसह'. किती थर, भिंतीवर कुठपर्यंत, कोणतं साहित्य, काही नाही. फोटो काढलेले नव्हते. पैसे तर शेवटच्या दिवशीच पूर्ण देऊन मोकळी झाले होते.

दुसऱ्या कारागिराने आधी नाण्याने एकेक टाइल वाजवून दाखवली. भरीव टाइल खणखणीत वाजते, पोकळ टाइल बद्द. आमच्या निम्म्याहून जास्त टाइल्स बद्द वाजल्या. सगळं फोडावं लागलं.

या वेळी मी रजा घेऊन घरी थांबले. पहिला थर वाळल्यावर त्याच्यावर आडवा दुसरा थर, कोपऱ्यांत जाळीची पट्टी, शॉवरच्या भिंतीला थेट शॉवरच्या वरपर्यंत लेप. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. थर पूर्ण वाळल्यावर पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरलं आणि 48 तास तसंच ठेवलं. पातळीवर पेन्सिलने रेघ मारली होती. पाणी टिकलं, खालच्या छतालाही ओल आली नाही, तेव्हाच टाइल्सला हात लावू दिला. चिकटवण्याचा मसाला दातेरी करणीने पूर्ण पसरायला लावला आणि नुकतीच बसवलेली एक टाइल उचलून पाठ दाखवायला सांगितली. कारागीर रागावला नाही, उलट स्वतःच आणखी एक उचलून दाखवली. पाठ सगळी भरलेली होती. भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत ग्राउटऐवजी सिलिकॉन भरलं, कारण तिथे भिंती किंचित हलतात आणि कडक ग्राउट तडकतं. थोडे पैसे राखून ठेवले. महिनाभर बाथरूम वापरून मग दिले.

पलीकडच्या खोलीची भिंत खरवडून उघडी ठेवली आहे. वाळल्याशिवाय रंग लावू नका, असं सांगितलंय. रोज सकाळी मी तिच्यावर तळहात ठेवून बघते. खालचा हातभर भाग अजून गार लागतो.