फॉल्स्टाफसाठी एकच वाचायचा तर: ‘चौथा हेन्री’, भाग पहिला की दुसरा?

शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या दोन्ही भागांत फॉल्स्टाफ आहे, तो ढेरपोट्या, थापाड्या, दारुडा सरदार. त्यातला एकच वाचायचा तर कुठला, असं कुणी विचारलं की जाणकार डोळे मिटून पहिला सांगतात. त्यांच्या बाजूने पुरावाही भक्कम आहे. पहिला भाग १५९८ साली छापून आला आणि १६२३ च्या फोलिओपर्यंत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथापर्यंत, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. दुसरा १६०० साली एकदा निघाला, आणि मग फोलिओ येईपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. वाचकांनी तेव्हाच कौल दिला म्हणा ना. त्या कौलाशी भांडायला मी बसलेलो नाही. आमच्या अभिवाचनाच्या गटात दोन्ही भाग मोठ्याने वाचून झाले, आणि तेव्हापासून एक गोष्ट मला टोचते आहे, तेवढी सांगतो.

आधी पहिल्याचं देणं देऊन टाकू. दुसऱ्या अंकातला बोअर्स हेड गुत्त्यातला लांबलचक प्रवेश एकटाच पुस्तकाचे पैसे वसूल करतो. वेष बदलून आलेल्या युवराज हॅल आणि त्याचा दोस्त पॉइन्स यांनी फॉल्स्टाफला नुकतंच पळवून लावलेलं असतं, आणि ते आपणच होतो हे न सांगता ते दोघे त्याला सगळी हकिगत विचारतात. तो सांगू लागतो, आणि दोन लुटारूंचे चार होतात, चारांचे सात, सातांचे नऊ, नवांचे अकरा. आमच्याकडे हा प्रवेश वाचताना वाचणाऱ्यालाच हसू आवरेना, दोनदा थांबावं लागलं. थाप पकडली जाते तेव्हा हा पठ्ठ्या क्षणभरही ओशाळत नाही. म्हणतो, मी तर तुला केव्हाच ओळखलं होतं, पण युवराजावर हात कसा उचलणार? मग डोक्यावर उशी ठेवून त्याचं राजा होणं. मग खिशात सापडलेलं बिल: सॅक नावाची दारू दोन गॅलन, पाच शिलिंग आठ पेन्स, पाव, अर्धी पेनी. या प्रवेशाला तोड दुसऱ्या भागात नाही, हे सरळ मान्य.

शिवाय थापाड्याला थाप पकडणारा समोर लागतो, आणि पहिल्या भागात हॅल सतत समोर असतो. दुसऱ्यात ही जोडी फक्त दोन वेळा एकत्र येते: एकदा हॅल गुत्त्यातल्या पोऱ्याचा वेष घेऊन चोरून ऐकतो तेव्हा, आणि एकदा अगदी शेवटी, राज्याभिषेकानंतर. ज्याला ही जुगलबंदी हवी आहे त्याला दुसरा भाग फसवणूकच वाटेल.

आता टोचणी. पहिल्या भागाच्या चौथ्या अंकात फॉल्स्टाफ आपल्याला विश्वासात घेऊन सांगतो की दीडशे शिपायांच्या भरतीत आपण तीनशेहून जास्त पौंड केले. पद्धत साधी. खात्यापित्या घरची पोरं आणि लग्न ठरलेले तरुण निवडायचे, म्हणजे ते पैसे मोजून सुटतात, आणि त्यांच्या जागी हाकललेले नोकर, तुरुंगातून सुटलेले, असे फाटके लोक भरायचे. हॅल ती पलटण बघून म्हणतो, इतकी दरिद्री माणसं मी पाहिली नव्हती. फॉल्स्टाफचं उत्तर: तोफेच्या तोंडी द्यायला चालतील, खड्डा भरायला चांगल्यांइतकीच उपयोगाची. पुढच्या अंकात, बंडखोरांशी झालेल्या श्रूझबरीच्या लढाईत, तो जाता जाता सांगतो की त्या दीडशेंपैकी तीनही उरले नाहीत, आणि जे उरलेत ते आता वेशीवर जन्मभर भीक मागणार. लगेच हॅल येतो, तलवार मागतो, फॉल्स्टाफ तिच्याऐवजी पिस्तूल देऊ करतो, आणि पिस्तुलाच्या म्यानातून दारूची बाटली निघते. हशा.

गट त्या बाटलीवर मनसोक्त हसला. मी अजून आधीच्या वाक्यावरच होतो, आणि दर वाचनात तिथेच अडकतो. माणसं मेल्याचं मला वाईट वाटतं असं नाही. इतिहासनाटकात माणसं मरायचीच. खटकतं ते हे की ती नाटकात आलीच नाहीत. हॅल ज्यांना बघतो ते आपल्याला दिसत नाहीत. रंगमंचावर त्यांना ना नाव, ना एक वाक्य. फॉल्स्टाफ कोणाच्या जिवावर हा पैसा खातो ते पहिला भाग फक्त त्याच्याच तोंडून सांगतो, आणि तो इतका गोड बोलतो की आपण त्याच्या बाजूने हिशेब तपासायला बसतो. आपण ‘एकच प्याला’ बघून वाढलेली माणसं. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला पोट धरून हसतो, पण त्याच नाटकात सिंधूचा संसार मोडतानाही बघावा लागतो. कदाचित त्याच सवयीमुळे मला हे खटकत असेल. एलिझाबेथच्या काळातल्या प्रेक्षकाला भरतीतली लाचखोरी ओळखीची होती, त्याला ती ओझरती वाक्यंही पुरेशी झोंबली असतील. मला पुरत नाहीत.

दुसऱ्या भागात, तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, तीच भरती पुन्हा येते. पण आता ग्लॉस्टरशरमध्ये, शॅलो नावाच्या म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या दारात, आणि माणसं एकेक करून पुढे येतात: मोल्डी, शॅडो, वॉर्ट, फीबल, बुलकाफ. फॉल्स्टाफ त्यांच्या नावांवर कोट्या करतो, आणि कोट्या खरोखरच चांगल्या आहेत. मोल्डी म्हणतो, घरी म्हातारी आहे, तिचं कोण करणार? मग तो आणि बुलकाफ फॉल्स्टाफचा साथीदार बार्डोल्फ याच्या हातावर पैसे ठेवतात, बार्डोल्फ कानात सांगतो की दोघांना सोडायचे तीन पौंड मिळालेत, आणि धडधाकट होते नेमके तेच दोघे घरी जातात. सगळा व्यवहार आपल्या डोळ्यांसमोर.

आणि फीबल. बायकांचे कपडे शिवणारा शिंपी, म्हणजे फॉल्स्टाफसाठी आयता विनोद. सुटण्यासाठी तो एक पेनीही देऊ करत नाही. म्हणतो, माणूस एकदाच मरतो, देवाचं एक मरण आपण देणं लागतो. हे वाक्य पहिल्या भागातही आहे. तिथे लढाईच्या आधी हॅल ते फॉल्स्टाफला ऐकवतो, आणि फॉल्स्टाफ उत्तर देतो की अजून मुदत भरलेली नाही, आधीच कशाला फेडू? त्यावरून तो अब्रूवरच्या प्रसिद्ध स्वगतात शिरतो. पहिल्याच भागावर थांबलात तर त्या देण्यावरचं शेवटचं उत्तर फॉल्स्टाफचं राहतं. दुसऱ्यात एक शिंपी येऊन तेच देणं कुरकुर न करता कबूल करतो. मला वाटतं, या एका शिंप्यासाठी मी दुसरा भाग जवळ ठेवला.

एकदा हे दिसलं की दुसऱ्या भागात जिकडे तिकडे फॉल्स्टाफचे घेणेकरी दिसू लागतात. गुत्त्याची मालकीण क्विकलीबाई त्याला अटक करवायला निघते, कारण त्याने तिच्या घरात बसून, चषकावर हात ठेवून लग्नाचं वचन दिलं होतं. आणि त्याच प्रवेशात ती आणखी उसने द्यायला तयार होते. शॅलोचे हजार पौंड अडकतात. फॉल्स्टाफ स्वतःही आता थकलाय. त्याच्या पहिल्याच प्रवेशात तो वैद्याकडे पाठवलेल्या लघवीचा निकाल विचारत येतो, आणि गुत्त्यातली डॉल मांडीवर असताना म्हणतो, मी म्हातारा झालो गं. शेवटी नवा राजा ‘मी तुला ओळखत नाही’ म्हणून निघून जातो, तेव्हा हा वळून पहिलं वाक्य काय बोलतो? ‘मास्टर शॅलो, मी तुमचे हजार पौंड देणं लागतो.’ तोवर नाटकाने उधारीची चिठ्ठी इतकी ठळक लिहिलेली असते की मला तिथे हॅलचा रागही येत नाही आणि फॉल्स्टाफची नुसती कीवही येत नाही.

दुसऱ्याचे दोष लपवत नाही. बंडखोरांचा तडफदार म्होरक्या हॉटस्पर पहिल्याच भागात मेलेला असल्यामुळे बंडखोरांचे प्रवेश निर्जीव आहेत, आमच्या गटात तिथे चहाला उठणारे बरेच होते. आजारी राजाची भाषणं लांबतात. फॉल्स्टाफचा बढाईखोर साथीदार पिस्टल याची आरडाओरड तळटिपांशिवाय कळत नाही, आणि तळटिपांसह हसू येत नाही. समारोपाचा निवेदक फॉल्स्टाफ पुढच्या नाटकात येईल असं आश्वासन देतो, त्यावरही विसंबू नका: ‘पाचवा हेन्री’मध्ये तो रंगमंचावर येत नाही, फक्त त्याच्या मरणाची हकिगत येते, तीही क्विकलीबाईच्या तोंडून. ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ मी या तुलनेत धरलेलंच नाही. तिथला धुण्याच्या टोपलीतून थेम्समध्ये पडणारा ढेरपोट्या नावाने तोच आहे, इतकंच.

तर, तरुण मुलांना शेक्सपिअरची गोडी लावायची असेल, किंवा प्रयोग बघायला जायचं असेल, तर पहिला भाग घ्या, वाया जाणार नाही. पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघायचे असतील तर ग्लोब थिएटरच्या २०१० च्या प्रयोगांचं चित्रीकरण आहे, त्यात दोन्हीकडे रॉजर अ‍ॅलमच फॉल्स्टाफ आहे. घरी बसून वाचायचं असेल आणि वय चाळिशीच्या पुढे गेलं असेल, तर मी भीतभीत दुसरा सुचवेन. आणि पहिलाच घ्यायचं ठरवलंत, तरी दुसऱ्यातला तो भरतीचा प्रवेश सुटा काढून वाचा. मागचं पुढचं काही माहीत नसलं तरी तो कळतो.