किंदूनॉस: धोका लिहायचं की जोखीम?

ग्रीक वाचायला घेतलं की किंदूनॉस कधी ना कधी आडवा येतोच आणि वहीत त्याच्यासमोर धोका लिहू की जोखीम असं होतं. रूपांचं टेन्शन घेऊ नका, साधा पुल्लिंगी शब्द आहे, फक्त आघात सरकतो, किंदूनॉसमध्ये जोर किं वर, षष्ठीत किंदूनू झालं की दू वर, बास.

मी बरीच वर्षं धोकाच लिहायचो. तोंडात बसलेला शब्द, शिवाय आपल्याकडे विजेच्या डीपीवर कवटीखाली तोच लिहिलेला असतो आणि ग्रीसमध्ये तसल्याच बोर्डावर आजही किंदूनॉसच (उच्चार आता किंदिनोस). गाडी अडली ती प्लेटोच्या फायडो या संवादात. विष प्यायच्या दिवशी सॉक्रेटिस आत्म्याच्या अमरत्वाबद्दल बोलताना म्हणतो, कालॉस गार हॉ किंदूनॉस. मी लिहिलं, "कारण हा धोका सुंदर आहे." वाचून बायको म्हणाली, कोणी दिला त्याला? तिचं बरोबरच होतं, मराठीत धोका दुसरा देतो, आणि इथे तर माणूस आपणहून काहीतरी अंगावर घेतोय. जोखीम घातली आणि वाक्य बसलं. इतिहासकार हिरोडोटसमध्ये पर्शियाचा राजा झर्क्सिस म्हणतो की आधीच्या राजांनी किंदूनॉस फाशांसारखे फेकून राज्य इथवर आणलं, तिथेही जोखीमच चालते, धोका कोण कशाला फेकेल?

आता जोखीमला विमा एजंटचा वास येतो हे मान्य. पण जुनी माणसं अंगावर सोनंनाणं असलं की "जवळ जोखीम आहे" म्हणायची, तो अर्थ आठवला की मला तरी ती बरी वाटते, तुमचं मत वेगळं असू शकेल.

क्रियापदाला मात्र दोन्ही शब्द कुचकामी. प्लेटोच्याच अपॉलॉजीमध्ये, म्हणजे सॉक्रेटिसच्या कोर्टातल्या भाषणात, याच शब्दाचं क्रियापद किंदूनेउएइ येतं, शब्दशः केलं तर "देव शहाणा असण्याचा धोका आहे", जोखीम घातली तरी तेवढंच हास्यास्पद. तिथे नुसतं "देवच खरा शहाणा असावा" म्हणा, आपल्या असावा मध्ये सगळं येतं. आणि एक्झिटवर ग्रीकमध्ये एक्सोदोस किंदीनू लिहितात त्याला आपल्या एसटीनं "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" केव्हाच देऊन ठेवलाय.

तरी धोका अगदी खोडू नका. बायबलमध्ये करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आठ वेळा किंदूनॉस मोजतो, नद्यांचे, लुटारूंचे, समुद्रातले, आणि शेवटी खोट्या भावांमधले. त्या शेवटच्याला मी अजूनही धोकाच लिहितो.