मुख्याध्यापकांचा प्रशिक्षण वर्ग, सातारा : पाठ निरीक्षणासाठी अवश्य करावा

साताऱ्यात माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी भरलेला तीन दिवसांचा प्रशिक्षण वर्ग मी नुकताच पूर्ण केला. त्याचे मोल पाठ निरीक्षणाच्या, म्हणजे चालू तास वर्गात बसून पाहण्याच्या, एका सत्रात आहे आणि तेवढ्यासाठी इतर मुख्याध्यापकांनीही तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभी न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २००८ मधील संशोधन मांडण्यात आले. त्यात नेतृत्वाच्या पाच अंगांचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीवरील परिणाम ‘इफेक्ट साइज’ या सांख्यिकीय मापात मोजलेला आहे; आकडा जितका मोठा, तितका परिणाम अधिक. शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकाने स्वतः सहभागी होण्याचा परिणाम सर्वाधिक, म्हणजे ०.८४, तर शिस्तबद्ध वातावरणाचा ०.२७ इतका आढळला. शिस्त हवीच, परंतु आपल्याकडे मुख्याध्यापकाची ख्याती बहुधा तिच्यावरच ठरते, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी आम्हाला सहावीच्या गणिताच्या तासाला नेण्यात आले आणि शिक्षिकेकडे न पाहता मुलांच्या वह्या पाहण्याची सूचना देण्यात आली. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज अचूक चालली होती, पुढच्या बाकांवरून उत्तरेही येत होती; मात्र मागच्या काही वह्यांत १/२ + १/३ = २/५ असे लिहिलेले होते, म्हणजे मुलांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला होता. लॉगबुकात, म्हणजे निरीक्षणाच्या नोंदवहीत, आपण एरवी ‘टाचण (पाठाच्या पूर्वतयारीची नोंद) अपूर्ण’, ‘फळ्यावर दिनांक नाही’ असे शेरे मारतो. येथे तासानंतर मार्गदर्शकांनी शेरा न मारता विचारले, “मॅडम, या मुलांना २/५ हे उत्तर बरोबर का वाटले असेल?” त्या शिक्षिकेनेच विचार करून, २/५ हे तर १/२ पेक्षाही लहान आहे, हे मुलांना कागदी पट्ट्यांवर दाखवायचे ठरवले. मुख्याध्यापकाने वर्गात कशासाठी जावे, हे मला इतक्या नेमकेपणाने पूर्वी कोणी दाखवले नव्हते.

तिसरा दिवस मात्र यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत माहिती भरणे आणि अभिलेख यांतच गेला. शिवाय वर्गाची आखणी पर्यवेक्षक आणि लिपिक असलेली मोठी शाळा डोळ्यांपुढे ठेवून केल्यासारखी वाटली. जावळी, पाटणच्या डोंगरी भागातील लहान शाळेत मुख्याध्यापक स्वतः तास घेतो, पोषण आहाराची नोंद ठेवतो आणि टपालही पाहतो. त्याने निरीक्षणाला वेळ कोठून काढावा, या प्रश्नाला “नियोजन करा” एवढेच उत्तर मिळाले. आठवड्यातून एकच तास, एकाच शिक्षकाचा, एकच प्रश्न मनात धरून पाहावा आणि पुढच्या आठवड्यात त्याच वह्या पुन्हा तपासाव्यात, असा मार्ग आम्ही सहभागींनीच जेवणाच्या सुट्टीत आपसांत ठरवला.

आयोजकांनी तिसरा दिवस कमी करून, त्या वेळात दोन महिन्यांनी प्रत्येक शाळेला एक भेट द्यावी आणि मुख्याध्यापक शिक्षकाशी कसे बोलतो ते समोर बसून ऐकावे.