जड तेलावर प्लाझ्मा : डीबीडी घ्यावा की ग्लायडिंग आर्क?

जड कच्चे तेल प्लाझ्माने, म्हणजे विजेने आयनित केलेल्या वायूने, हलके करून पाहू इच्छिणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेला आधी रिअ‍ॅक्टर ठरवावा लागतो : डीबीडी (डायइलेक्ट्रिक बॅरियर डिस्चार्ज), ज्यात दोन इलेक्ट्रोडांमध्ये क्वार्ट्‌झच्या नळीसारखा विद्युतरोधक अडसर असतो, की ग्लायडिंग आर्क, ज्यात धातूच्या दोन पात्यांमधली विजेची ज्योत वायूच्या झोताबरोबर सरकत जाते. बडोद्यात मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मी दोन्ही प्रकार चालवले आहेत आणि पुढचे मत तेवढ्याच अनुभवावर बेतलेले आहे.

कागदावर डीबीडी सरस ठरतो, हे मान्य केले पाहिजे. सीमेन्सने १८५७ मध्ये ओझोनसाठी वापरलेल्या या पद्धतीत वायू फारसा तापत नाही, सोबत मिथेन सोडला तर त्यातून सुटणारे हायड्रोजनचे अणू तेलाच्या रेणूंच्या तुटलेल्या साखळ्यांची टोके बंद करतात, आणि कोकरचे (जड तेल उष्णतेने तोडणाऱ्या यंत्राचे) ५०० अंशांच्या घरातले तापमान किंवा हायड्रोक्रॅकरचा (हायड्रोजनच्या साहाय्याने तेल तोडणाऱ्या यंत्राचा) १०० बारच्या वरचा दाब सांभाळण्याची वेळ येत नाही. ग्लायडिंग आर्क त्या मानाने तापट असून त्यात मिथेनचा बराच भाग अ‍ॅसिटिलीनकडे वळतो.

माझे मत फिरले ते डीबीडीतल्या क्वार्ट्‌झच्या नळीमुळे. तेल तुटू लागले की नळीच्या आतल्या अंगाला कार्बनचे काळे पुट चढते, ते वीजवाहक असल्यामुळे सर्वत्र पसरलेला जांभळा उजेड आक्रसत एका पांढऱ्या ठिपक्यावर येतो, गुणगुण कर्कश होते, आणि हात स्विचपर्यंत पोहोचेतो नळीला टाचणीएवढे भोक पडलेले असते. एका पावसाळ्यात अशा तीन नळ्या गेल्या. मापाची नवी नळी करून मिळेपर्यंत काम बंद ठेवावे लागे, ते वेगळेच.

पुट ग्लायडिंग आर्कलाही चुकत नाही, मात्र ते धातूच्या दोन पात्यांवर, मुख्यतः त्या सर्वांत जवळ येतात तिथे बसते. चार बोल्ट काढावेत, तारेच्या ब्रशने घासावे, चहा होईस्तोवर यंत्र पुन्हा सुरू. तेल आधी गरम करून फवारावे लागते आणि नोझल अधूनमधून तुंबते, हा त्रास मी सोसण्याजोगा मानतो.

तेल किती पातळ झाले, हे मी काचकांडीवर पाहत असे. आधी तिच्या टोकाला लोंबणारी तार दोन्ही रिअ‍ॅक्टरांनंतर थेंबाथेंबाने तुटू लागली. डीबीडीचे थेंब कदाचित किंचित अधिक सुटसुटीत असतील. जड तेलात असणारे व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू मात्र दोहोंतही तेलातच राहतात, त्यामुळे केवळ ते काढण्यासाठी प्लाझ्माकडे वळू नये.

शुद्ध संयुगांवर अभिक्रियेचा अभ्यास करायचा असेल, तर डीबीडी घेण्यास माझी हरकत नाही. मेहसाण्याकडच्या जड तेलासारखा घट्ट माल रोज चालवायचा असेल, तर मी पात्यांचीच ऑर्डर देईन आणि ब्रश दोन घेऊन ठेवीन.