हॉलमधल्या टीव्हीला छोटा कॉम्प्युटर: कोल्हापुरात घेताना काय बघावं

टीव्हीजवळ ठेवायला छोटा कॉम्प्युटर पाहिजे म्हटलं की दुकानदार आधी विचारतो, "आय थ्री देऊ की आय फाइव्ह?" या कामासाठी तो प्रश्न बाजूला ठेवा. फाइलीत दाबून साठवलेलं पिक्चर उलगडायचं (डिकोड करायचं) काम चिपमधला व्हिडिओसाठीच केलेला वेगळा भाग करतो. तो भाग कुठल्या पिढीचा आहे, त्याला कुठले फॉरमॅट झेपतात, यावर पुढची पाच-सहा वर्षं निभतील की नाही ते ठरतं. या हिशेबाने आज हॉलसाठी सरळ शिफारस करावी असं एकच मशीन आहे: इंटेल एन१०० चिपचा मिनी पीसी.

ही चिप २०२३ च्या सुरुवातीला आली. चार कोअर, ६ वॉट. टायपिंग आणि ब्राउझिंगच्या कामात ती साधीच आहे, पण एच.२६४, १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे चारही फॉरमॅट ती हार्डवेअरमध्ये उलगडते. टीव्हीला ४के ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, चित्र देते. मेमरी एकाच चॅनेलची, म्हणजे रॅमची एकच काठी. ८ जीबी पुरते आणि १२८ जीबीचा एसएसडीही भरपूर होतो, कारण पिक्चर बाहेरच्या हार्ड डिस्कवरच राहणार. १६ जीबी आणि ५१२ जीबीचं मॉडेल कुणी गळ्यात मारत असेल तर तेच पैसे साउंडबारकडे वळवा.

सेकंडहँड मशीनचा पर्यायही वाईट नाही. ऑफिसांतून निघालेले लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी हे डबे मजबूत असतात. मात्र जनरेशन नीट बघून घ्या. इंटेलच्या सहाव्या जनरेशनला १०-बिट एचईव्हीसी पूर्ण हार्डवेअरमध्ये जमत नाही, आणि ४के एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटांच्या) फाइली बहुतेक त्यातच असतात. सातवीपासून ते जमतं, पण एव्ही१ साठी अकरावी लागते. दुसरी अडचण मागच्या बाजूला असते. यातल्या पुष्कळ मशीनवर डिस्प्लेपोर्टच असतं, किंवा एचडीएमआय १.४ असतं, आणि त्यावर ४के फक्त ३० हर्ट्झने मिळतं. माउसचा बाण सुद्धा अडखळत चालतो. तिथे डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.० करणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागतो. साधा पॅसिव्ह कन्व्हर्टर चालत नाही.

रास्पबेरी पाय ५, म्हणजे एकाच सर्किट बोर्डावरचा कॉम्प्युटर, त्याविषयी थोडक्यात. आकाराने छोटं, आणि एचडीएमआय सीईसी असल्यामुळे टीव्हीच्याच रिमोटवर चालतं, हे त्याचं मोठं सुख. पण हार्डवेअरमध्ये त्याला फक्त एचईव्हीसी येतं. एच.२६४ चा भार प्रोसेसरवर पडतो. १०८० पी निभतं, ४के यूट्यूबची आशा ठेवू नका. २७ वॉटचा ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर यूएसबीला मिळणारा करंट ६०० मिलिअँपिअरवर अडवला जातो, आणि २.५ इंची हार्ड डिस्क टिकटिक करत बंद पडते. मोबाइलचा चार्जर लावून हे होतं आणि दोष डिस्कच्या माथी जातो.

आता ज्यावरून बहुतेकांचा हिरमोड होतो, ते ओटीटी. कॉपीराइटच्या संरक्षणामुळे लिनक्सच्या ब्राउझरला मोठ्या ओटीटी सेवा कमी दर्जाचंच चित्र देतात, मशीन कितीही भारी असो. विंडोजवर स्थिती बरी असते, पण हॉलमध्ये बसून माउसने चालवायचं सुख नाही. ओटीटी टीव्हीच्या ॲपवर किंवा स्टिकवर ठेवा. छोटा कॉम्प्युटर घ्यायचा तो स्वतःच्या साठ्यासाठी: लग्नाचे व्हिडिओ, डीव्हीडी-ब्लूरे, गाणी, फोटो, नाटकांची रेकॉर्डिंग.

दुकानात जाताना एक्सफॅट फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह न्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. त्यावर घरच्याच चार फाइली घ्या: एक १०८० पी एच.२६४, एक ४के एचडीआर एचईव्हीसी, एक एव्ही१ आणि एक जुन्या डीव्हीडीची. राजारामपुरी असो की शाहूपुरी, काउंटरवर मशीन चालू करून कोडी हा पिक्चर-गाणी लावायचा फुकट प्रोग्रॅम टाकायला सांगा, फाइल लावा आणि कीबोर्डवरचं 'ओ' दाबा. पडद्यावर माहितीच्या ओळी उमटतात. डिकोडरच्या नावापुढे 'एचडब्ल्यू' दिसलं तर काम हार्डवेअर करतंय. 'एसडब्ल्यू' दिसलं तर प्रोसेसर ओढतोय, मग पंख्याचा आवाज वाढेल आणि पळापळीच्या सीनला चित्र अडकेल. हे बघायला दहा मिनिटं लागतात, आणि कागदावरच्या स्पेसिफिकेशनपेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

घरी आणल्यावर लिब्रेइलेक टाका. कोडी चालवण्यापुरतीच केलेली ही फुकट सिस्टिम सुरू झाली की थेट पिक्चरच्या यादीवर येते. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद केल्याशिवाय ती उठत नाही. तिथेच 'स्टेट आफ्टर जी३' अशा नावाची सेटिंग असेल तर 'एस०' करा. लाईट जाऊन आली की मशीन आपोआप चालू होतं, टीव्हीमागे हात घालून बटण शोधावं लागत नाही.

पुढची सेटिंग फार महत्त्वाची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचं टीव्हीचं चित्रण २५ फ्रेमचं, आणि टीव्ही ६० हर्ट्झवर. मग कॅमेरा आडवा फिरला की चित्र हिसके देतं. कोडीच्या प्लेयर सेटिंगमध्ये 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' वर ठेवा. सिनेमा २४ वर जाईल, २५ चं चित्रण ५० वर. टीव्ही हा रेट बदलताना एक-दोन सेकंद पडदा काळा होतो, तो बिघाड नव्हे.

जुन्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी हा आपल्या गावचा जिव्हाळ्याचा विषय. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथेच उभी राहिली, त्यामुळे अनेक घरांत अशा डिस्क जपलेल्या असतात. त्यांतलं चित्र बऱ्याचदा एकाआड एक ओळींचं, म्हणजे इंटरलेस्ड असतं. ते तसंच दाखवलं तर हलणाऱ्या हाताच्या, पदराच्या कडेला फणीचे दात दिसतात. पिक्चर चालू असताना व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेस सुरू करा, दात जातात. आणि चौकोनी चित्र ताणून पडदाभर करू नका. 'नॉर्मल' वर ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. ताणलेल्या चित्रात माणसं बुटकी आणि रुंद होतात, आणि छायाचित्रकाराची सगळी मेहनत वाया जाते.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्टची फाइल कोडीच्या 'मीडिया' फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' मध्ये टाका आणि सबटायटलच्या सेटिंगमध्ये तो फॉन्ट निवडा. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली हवी.

आवाजासाठी पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे सोडणं, चालू करायचं, पण मधे टीव्ही असेल तर त्याची मर्यादा ओळखून. साध्या एआरसीमधून, म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआयनेच साउंडबारकडे पाठवणाऱ्या सोयीतून, डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस जातं. डॉल्बीचंच वरच्या दर्जाचं ट्रूएचडी पाहिजे तर ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती हवी, किंवा मशीन थेट स्पीकर चालवणाऱ्या एव्ही रिसीव्हरला जोडावं. डीटीएस हा आवाजाचा दुसरा फॉरमॅट पुढे न सोडणारे टीव्हीही आहेत. चित्र चालू आणि आवाज गायब असं झालं तर कोडीत डीटीएसचा पासथ्रू तेवढा बंद करा.

मिनी पीसीला सीईसी बहुतेक नसतं. यूएसबी रिसीव्हरचा छोटा रिमोट घेतला तर तो रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टला खेटून लावू नका. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो आणि बटणं दोनदा-तीनदा दाबावी लागतात. अर्ध्या मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर टाकून रिसीव्हर पुढे आणला की तक्रार मिटते.

पेठांतल्या जुन्या दगडी भिंतींपलीकडे वायफाय मार खातं. डिस्क दुसऱ्या खोलीत असेल तर कॅट-६ केबल ओढून घ्या. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरते, तिथलं टीव्ही युनिट चार बोटं पुढे ओढा. काचेच्या बंद कप्प्यात मशीन ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये आतली गरम हवा आतच फिरते. बरेचसे एन१०० डबे १२ व्होल्ट ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर चालतात आणि व्होल्टेज वर-खाली झालं की आधी तोच जातो. ऑनलाइन घेतलेल्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर गावात नसेल तर पार्सलचा खेळ होतो, म्हणून पिनची जाडी आणि पोलॅरिटी जुळवून एक जादा अडॅप्टर घेऊन ठेवा. ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटर या पिना डोळ्यांना सारख्याच दिसतात. दुकानातच लावून, हलवून बघा.