इनडिझाइनचा क्यूआर जनरेटर: छपाईला देताना मला हाच पटतो

छपाईच्या फाईली करणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण अजूनही बरेच जण कुठल्यातरी वेबसाईटवरून क्यूआर कोडचा पीएनजी उतरवतात, पानावर चिकटवतात आणि गडबड कळते ती माल छापून आल्यावर. अडोबी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑब्जेक्ट मेन्यूत जनरेट क्यूआर कोड असा ऑप्शन आहे, २०१३ च्या सीसी आवृत्तीपासून आहे, तरी कितीतरी जणांना तो माहीतच नसतो. लिंक टाका, कलर टॅबमध्ये ब्लॅक स्वॉच (तयार रंग) निवडा, झालं. कोड व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकारांचा बनलेला येतो, मोठा करा नाहीतर लहान, कडा धारदारच राहतात आणि मुख्य म्हणजे तो फक्त काळ्याच्या प्लेटवर जातो (छपाईत प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते), १०० टक्के के, म्हणजे नुसती काळी शाई.

हे इतकं महत्त्वाचं का, तर स्क्रीनवरचा काळा आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा) असतो, तो छपाईच्या सीएमवायकेत (निळसर सी, गुलाबी एम, पिवळी वाय, काळी के या शायांत) बदलला की चारही शायांचा होतो. फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप प्रोफाईलमध्ये (छपाईसाठीच्या रंग-सेटिंगमध्ये) तो साधारण सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० असा येतो, म्हणजे एकूण ३०० टक्के शाई! मशीनवर एखादी प्लेट केसभर जरी सरकली तरी चौकटींच्या कडेने निळी-गुलाबी किनार दिसते, बारीक पांढऱ्या जागा भरून येतात आणि कोड छोटा असला की मोबाईल नुसता शोधत बसतो. एकाच प्लेटवर काम असलं की सरकायला दुसरं काही नसतंच.

खात्री करायची तर सेपरेशन्स प्रिव्ह्यू (प्रत्येक शाई वेगळी दाखवणारं पॅनल) उघडा आणि ब्लॅकसमोरचा डोळा बंद करा. कोड पूर्ण गायब झाला पाहिजे, जराशी जरी सावली उरली तरी तो चार रंगांचा आहे. खरा घोळ मात्र पीडीएफ काढताना होतो. आउटपुटमध्ये नुसतं कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन ठेवलं आणि डॉक्युमेंटचं प्रोफाईल वेगळं असलं तर शुद्ध काळ्याचाही चार रंगांचा काळा होऊन बसतो, म्हणून प्रिझर्व्ह नंबर्सवालं सेटिंगच ठेवा, आणि तयार पीडीएफ अॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये परत बघा, हा एक मिनिटाचा कंटाळा करू नका.

लिंक बदलली तर एडिट क्यूआर कोडमधून तिथल्या तिथे बदलता येते, नवा कोड करून परत बसवायची गरज नाही. डेटा मर्जमध्ये (यादीतली माहिती एकेका कार्डावर आपोआप भरायच्या सोयीत) यादीतल्या कॉलमच्या नावाआधी हॅश (#) लावला की प्रत्येक कार्डावर वेगळा कोड येतो, हे तर मला फारच आवडतं.

आता उणं काय ते. एरर करेक्शनची, म्हणजे कोडचा किती भाग झाकला तरी तो वाचता येईल याची लेव्हल निवडता येत नाही, त्यामुळे मध्ये लोगो बसवायचा असेल आणि ३० टक्क्यांची एच लेव्हल हवी असेल तर दुसरं टूल बघावं लागतं. चारही बाजूंनी चार-चार चौकटींएवढी रिकामी जागा सोडलीय ना, हे आपणच बघायचं. आणि वस्तूंवरचा इएएन-१३ बारकोड इथे होतच नाही, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्या, फक्त ते व्हेक्टर आणि शुद्ध के मध्ये फाईल देतं का हे आधी तपासा.