भुसावळचं वायरिंगचं गॅरेज: आधी दुखणं शोधलं, मगच पाना उचलला

माझी गाडी २०११ ची, पेट्रोल, १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली. यंदा एप्रिलपासून ती चालता चालता बंद पडू लागली. आचके नाहीत, आवाज नाही, फुंकर मारून दिवा विझवावा तसं इंजिन जायचं. बाजूला घेऊन अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की पहिल्याच सेल्फला चालू. गॅरेजात नेली की दिवसभर ठणठणीत! गाडी एकदाची बंद पडून राहिली असती तरी परवडलं असतं.

मे महिन्यात वडिलांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तपासणीला घेऊन चालले होते. फैजपूरहून निघालो आणि बामणोदच्या अलीकडे गाडी बंद पडली. दुपारचे दोन, मागे केळीचा ट्रक हॉर्न वाजवतोय, वडिलांच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि खान्देशातलं मेचं ऊन. शेजारच्या केळीच्या बागेतल्या माणसांनी त्यांना सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं. त्या दिवशी ठरवलं, एकतर हिचं खरं दुखणं सापडलं पाहिजे, नाहीतर गाडी विकायची.

तोवर दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. त्यांची नावं घेत नाही. पहिल्याने पेट्रोलचा पंप बदलला, इग्निशन कॉइल बदलली. दुसऱ्याने गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, पी०३३५ हा बिघाडाचा कोड निघाला, म्हणजे क्रँक सेन्सरच्या (इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, कसा फिरतोय ते कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) सर्किटमध्ये बिघाड. त्याने सेन्सर बदलला, कोड पुसला. आठव्या दिवशी गाडी पुन्हा रस्त्यात. १३,७०० रुपये गेले आणि दुखणं जागच्या जागी.

हे गॅरेज सुचवलं माझ्या मावसभावाने. जामनेर रोडवर पत्र्याची शेड आहे, मुख्य काम वायरिंगचं. चालवणारे दादा मूळचे अमळनेरकडचे, पन्नाशीतले. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गाडी तपनी का बंद पडस, थंडी व्हयनी का चालू व्हस, आसं शे ना ताई?” मग विचारलं, कोड पुसलाय का? पुसलाय म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. बऱ्याच गाड्यांत कोडबरोबर त्या क्षणाची इंजिनची गरमी, आरपीएम असं काहीबाही साठवलेलं असतं, पुसलं की तेही जातं. माझ्याकडे मात्र एक गोष्ट होती. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी प्रत्येक वेळ लिहून ठेवली होती: तारीख, किती वेळ चालवल्यावर, एसी चालू की बंद, रस्ता कसा. अकरा नोंदी. दादांनी त्या चष्मा लावून दोनदा वाचल्या आणि बोट ठेवलं ते रस्त्यावर. अकरापैकी आठ वेळा गतिरोधक किंवा खड्डा नुकताच गेलेला होता. लिहिणारी मी, पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी त्या दिवशी एकही पार्ट खोलला नाही. थंड इंजिनवर सेन्सरच्या दोन पिनांत मीटर लावून रोध मोजला, ८९० ओहम. आकडा फळ्यावर खडूने लिहिला. दुसऱ्या दिवशी स्कॅनर जोडून, मला शेजारी बसवून, एसी लावून वरणगावकडे गाडी पळवली. जाताना काही नाही. परतताना एका गतिरोधकावर बंद पडली. दादांनी आधी सेल्फ मारला आणि मला स्कॅनर दाखवला. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य! क्रँक कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळलंच नाही तर तो स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही, म्हणून गाडी अशी क्षणात जाते.

पुढची वीस मिनिटं मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघितली. इंजिन थंड व्हायच्या आत काम उरकायचं होतं. सेन्सरचा कपलर (वायर जोडायचा प्लग) काढून मीटर लावला, १,०८० ओहम. आकडा वाढलेला पाहून मला वाटलं, हाच दोषी. दादा म्हणाले, आत तांब्याची गुंडाळी आहे, तांबं तापलं की रोध वाढणारच. गुंडाळी तुटली असती तर मीटरने आकडाच दाखवला नसता. सेन्सर चांगला होता. बहुतेक आधीचाही चांगलाच असावा.

मग त्यांनी सेन्सरच्या कपलरपासून कॉम्प्युटरच्या कपलरपर्यंतची वायर धरली. मीटर बीपवर ठेवला, म्हणजे वायर अखंड असेल तरच तो वाजतो. एका वायरवर सलग बीप. दुसरीवर काही नाही. बोटांनी ती इंचाइंचाने दाबत गेले आणि इंजिनच्या मागे, सायलेन्सरच्या बाजूच्या एका क्लिपपाशी बीप वाजला. सोडली, थांबला. दाबली, वाजला. तिथे वायर वरून अगदी शाबूत दिसत होती, पण दोन बोटांत धरली की त्या एका जागी भिजल्या वातीसारखी लुळी पडायची. वरचं आवरण कापलं तर आतल्या तारा तुटलेल्या, टोकं हिरवी पडलेली. आवरणाच्या जोरावर टोकं एकमेकांना टेकून होती, तापलं आणि हादरा बसला की सुटायची.

इथे थांबले असते तरी मी खूश होते. पण वायर तिथेच का तुटली हेही त्यांनी बघितलं. इंजिनचं एक माउंटिंग, म्हणजे खालचा रबरी आधार, दबून खराब झालं होतं, त्यामुळे इंजिन जास्त डोलायचं आणि वायर दरवेळी त्याच क्लिपपाशी वाकायची. माउंटिंग बदला म्हणून आग्रह केला नाही, फक्त दाखवलं. मी बदलून घेतलं.

बिल असं: शोधण्याचे ९००, नवा वायरचा तुकडा, सोल्डरिंग आणि वरची नळी ३५०, माउंटिंग मजुरीसह १,९००. एकूण ३,१५०. ‘शोधण्याचे’ पैसे वेगळे लावतात म्हणून काही लोक कुरकुरतात असं ऐकलं. मला ते ९०० सगळ्यात जास्त पटले.

उणिवाही सांगते. गाडी तीन दिवस ठेवावी लागली. काम चालू असताना फोन उचलत नाहीत. बसायला एक बाक आणि स्वच्छतागृह नाही, बायकांनी हे धरूनच जावं. पावती हाताने लिहिलेली मिळते, मात्र त्यावर कुठली वायर, कुठल्या जागी, सगळं नोंदवलेलं असतं आणि तुटलेला तुकडाही पुडीत बांधून देतात.

काम जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. त्यानंतर ३,४०० किलोमीटर झाले, दोनदा जळगाव-नाशिकही करून आले. एकदाही बंद पडली नाही. वडील आता पुढच्या सीटवर बसून झोपतात. जायचं असेल तर सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना त्यांना पहिलं माप घ्यायचं असतं, आणि गाडी कधी कधी बंद पडली ते लिहून न्या.